वादसंवादाची घडण : दोन ध्वनिमुद्रणे

नभोवाणी आणि दूरचित्रवाणी या माध्यमांनी विसाव्या शतकात जी नवी वाङ्मयरूपे निर्माण केली त्यांपैकी ध्वनिमुद्रित वादसंवादाचा विचार आपल्या समीक्षेने फारसा केलेला नाही. दोन तज्ज्ञ समोरासमोर बसतात, मतभेदाच्या विषयावर बोलतात, ते बोलणे मुद्रित होते आणि पुढे त्याचे शब्दांकन ग्रंथात समाविष्ट होते. या शब्दांकनाकडे साहित्याचा विद्यार्थी वळतो तो बहुधा उभय पक्षांची मते टिपून घेण्यासाठी. वास्तविक ही मते त्या त्या विचारवंतांच्या ग्रंथांत अधिक काटेकोरपणे मांडलेली असतात. वादसंवाद वाचावयाचा तो त्यातील मतांसाठी नव्हे, तर मतभेद नेमका कोठे उभा राहतो हे पाहण्यासाठी. आणि ते त्याच्या घडणीवर अवलंबून असते.

बर्ट्रांड रसेल आणि जेझुइट धर्मगुरू फ्रेडरिक कोपल्स्टन यांचा ईश्वराच्या अस्तित्वाविषयीचा वादसंवाद बीबीसीच्या थर्ड प्रोग्रॅमवरून २८ जानेवारी १९४८ रोजी प्रसारित झाला. रसेल तेव्हा ७५ वर्षांचे होते, कोपल्स्टन ४० वर्षांचे. छापील संहितेत सूत्रसंचालक नाही. तरीही हा संवाद कोठे भरकटत नाही, याचे कारण त्याच्या पहिल्या काही उक्तींत आहे. ‘ईश्वर’ या शब्दाने आपण काय समजावयाचे ते कोपल्स्टन प्रथम विचारतात आणि स्वतःच व्याख्या पुढे करतात : जगाहून भिन्न असे, जगाची निर्मिती करणारे, परमश्रेष्ठ व्यक्तिरूप अस्तित्व. रसेल ती मान्य करतात. ईश्वर नाही हे सिद्ध करता येते असे आपले म्हणणे आहे काय, या पुढील प्रश्नावर रसेल आपली भूमिका अज्ञेयवादी असल्याचे सांगतात. म्हणजे कशाविषयी बोलावयाचे आणि कोणी काय सिद्ध करावयाचे, या दोन गोष्टी आरंभीच ठरतात. ही प्रस्तावना रुक्ष वाटेल. पण पुढील सारे नाट्य तिच्यावर उभे आहे.

ते नाट्य शिगेला पोहोचते ते आगंतुक आणि अनिवार्य अस्तित्वाच्या चर्चेत. जगातील प्रत्येक वस्तू स्वतःच्या अस्तित्वाचे कारण स्वतःत बाळगीत नाही. म्हणून असे कारण स्वतःतच असलेले एक अनिवार्य अस्तित्व मानले पाहिजे, असा कोपल्स्टन यांचा युक्तिवाद आहे. रसेल त्याचे खंडन करीत बसत नाहीत. ‘अनिवार्य’ हे विशेषण विधानांना लागू पडते, वस्तूंना नव्हे, असे ते म्हणतात; आणि प्रत्येक माणसाला आई असते म्हणून साऱ्या मानवजातीलाही आई असलीच पाहिजे असे होत नाही, हा त्यांचा प्रसिद्ध दाखला येतो. त्यावर कोपल्स्टन जे सुचवितात ते सौम्य असूनही मर्मभेदी आहे : बुद्धिबळाच्या पटावर बसून चाल करण्याचेच जो नाकारतो, त्याला मात कशी देणार?

भारतीय वाचकाला येथे न्यायदर्शनाचे स्मरण झाल्यावाचून राहत नाही. न्यायसूत्रांच्या पहिल्या अध्यायात कथेचे, म्हणजे चर्चेचे, तीन प्रकार सांगितले आहेत : तत्त्वनिर्णयासाठी केलेला वाद, जिंकण्यासाठी केलेला जल्प, आणि स्वतःचा पक्ष न मांडता केवळ दुसऱ्याचे खंडन करणारी वितंडा. कोपल्स्टन यांची तक्रार न्यायपरिभाषेत मांडावयाची तर ती रसेल वितंडा करीत आहेत अशी होईल. प्रस्तुत लेखकास हा आरोप टिकणारा वाटत नाही. रसेल यांचा पक्ष आहे. तो ईश्वराविषयीचा नसून भाषेविषयीचा आहे, एवढेच. कोणत्या शब्दाचा प्रयोग कोठे सार्थ ठरतो याविषयी त्यांचे निश्चित प्रतिपादन आहे आणि ते आदल्या उक्तींतच मांडले गेले आहे. वाद थांबतो तो एकाने पळ काढला म्हणून नव्हे, तर दोघांना एकच पट मान्य नाही हे उघड झाले म्हणून. आरंभी व्याख्या ठरली नसती, तर या ठिकाणी दोघे ईश्वराच्या दोन निरनिराळ्या कल्पनांविषयी बोलत आहेत असे समजून श्रोत्याने समाधान करून घेतले असते. धार्मिक अनुभव आणि नैतिकता या विषयांवरील उत्तरार्ध त्या मानाने सैल आहे. अखेरीस दोघेही आपापल्या बाजूचा समारोप करतात. पहिला शब्द कोपल्स्टन यांचा, शेवटचा रसेल यांचा. या वाटणीत एक जुना न्याय्यपणा आहे.

मध्यस्थ असलेल्या वादसंवादाची घडण वेगळी असते. नोम चॉम्स्की आणि मिशेल फूको यांची भेट नोव्हेंबर १९७१ मध्ये नेदरलँड्समधील आइंडहोवेन येथे, डच दूरचित्रवाणीसाठी झाली. सूत्रसंचालक होते फॉन्स एल्डर्स. विषय मानवी स्वभावाचा : पूर्वार्धात ज्ञान आणि सर्जनशीलता, उत्तरार्धात राजकारण. एल्डर्स यांनी आरंभीच या दोघांची तुलना एकाच डोंगराच्या दोन बाजूंनी, वेगवेगळ्या हत्यारांनी बोगदा खणणाऱ्या माणसांशी केली. आपण एकमेकांच्या दिशेने खणत आहोत की नाही, हेही त्यांना ठाऊक नाही.

उपमा सुंदर आहे आणि पूर्वार्धाविषयी ती नेमकी खरी ठरते. चॉम्स्की भाषेच्या आधारे जन्मजात संरचनांविषयी बोलतात. फूको ‘मानवी स्वभाव’ या संकल्पनेने ज्ञानाच्या इतिहासात कोणते काम केले ते सांगतात. दोघे सौजन्याने बोलतात, आणि टक्कर होत नाही. एल्डर्स एकदा फूको यांना उत्तरे लांबवू नका असे सुचवितात आणि दोघांतील भेद स्वतःच्या शब्दांत मांडतात : एकाकडे मर्यादित नियमांतून निघणाऱ्या अमर्याद शक्यता, दुसऱ्याकडे इतिहासाने घातलेली अटळ चौकट. मध्यस्थाने करावयाचे काम ते हेच. याउलट फूको यांना त्यांनी व्यक्तिगत प्रश्नाकडे वळविण्याचा जो यत्न केला तो वाया गेला, आणि तो जावयासच हवा होता. नैयायिकांनी बावीस निग्रहस्थानांत ‘अर्थान्तर’, म्हणजे विषयांतर, मोजले आहे, ते वादी-प्रतिवाद्यांसाठी, पण मध्यस्थालाही ते लागू करावयास हरकत नसावी.

उत्तरार्धात व्हिएतनाम युद्ध आणि कायदेभंगाचा प्रश्न येतो आणि चर्चा तापते. न्याय्य समाजाची कल्पना मानवी स्वभावाच्या आधाराने करता आली पाहिजे, असे चॉम्स्की म्हणतात. न्याय, मानवी स्वभाव या कल्पना याच समाजव्यवस्थेत घडलेल्या आहेत. तिच्याच विरुद्ध लढताना त्यांचा आधार कसा घेणार, हा फूको यांचा प्रश्न. पूर्वार्धात निष्फळ वाटलेला भेद येथे फळाला येतो. आज या चित्रणाचे लहान तुकडेच अधिक पाहिले जातात आणि ते बहुधा उत्तरार्धातील असतात. अशा तुकड्यात न्यायाचा एक कैवारी आणि सत्तेचा एक भाष्यकार एवढेच दिसते. फूको यांचा नकार कोठून आला हे कळत नाही, आणि मग तो निव्वळ संशयवाद वाटू लागतो. संपादनाने केलेली ही हानी कात्रीच्या एका फटक्याची आहे.

आणखी एक गोष्ट छापील पाठात हरवते. आपले इंग्रजी अपुरे असल्याने आपण फ्रेंचमध्ये बोलू, असे फूको आरंभी सांगतात. चॉम्स्की इंग्रजीत बोलत राहतात. १९७४ मध्ये ‘रिफ्लेक्सिव्ह वॉटर’ या ग्रंथात आलेल्या इंग्रजी पाठात मात्र दोघांचे गद्य एकाच पातळीवर वाहते. चित्रणात दिसणारा प्रत्येक श्रोत्याचा तो क्षण, दुसऱ्या भाषेतले वाक्य पूर्ण समजेपर्यंतचा तो विलंब, कागदावर येत नाही. बहुभाषक परिसंवादांची शब्दांकने करणाऱ्या आपल्याकडील संपादकांना ही अडचण परिचित आहे. मराठी वक्ता हिंदीत उत्तर देतो, मध्येच इंग्रजीकडे वळतो, एखादी म्हण मात्र मराठीतच सांगतो. आणि ग्रंथात सारे एकाच भाषेत, एकाच संथ स्वरात छापले जाते. वक्त्याने भाषा कोठे बदलली याची कंसातील नोंद एका ओळीहून अधिक जागा घेत नाही.