आडनांवाचें दप्तर

एखाद्या घराण्याचा कुलवृत्तांत छापून निघाला म्हणजे त्या घराण्यांतील मंडळींनीं तो कौतुकानें विकत घ्यावा, आपलें व आपल्या मुलाबाळांचें नांव कोणत्या पृष्ठावर आहे तें एकदां पाहावें, आणि मग ग्रंथ कपाटांत ठेवून द्यावा, अशी आपल्याकडे रीत पडून गेली आहे. टीकाकार तर या ग्रंथांच्या वाटेस सहसा जात नाहींत. हें घरचें कार्य, बाहेरच्यानें त्यांत काय बोलावें, अशी त्यांची समजूत दिसते. आम्हांस ही उपेक्षा अन्यायाची वाटते. मराठी चरित्रवाङ्मयांत सामान्य मनुष्यास कोठें जागा मिळाली असेल, तर ती बव्हंशीं या कुलवृत्तांतांतच होय. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धांत, विशेषेंकरून चित्पावन घराण्यांनीं, हे ग्रंथ मोठ्या चिकाटीनें सिद्ध केले. गोत्र, कुलदैवत, मूळ गांव, मूळपुरुष आणि त्याच्यापासून निघालेल्या शाखा यांच्या जोडीला घराण्यांतील पुरुषांची चार चार ओळींची माहिती त्यांत असते. कोणी शाळामास्तर, कोणी कचेरींतला कारकून, कोणी गांवचा भिक्षुक. ज्याला दुसऱ्या कोणत्याहि इतिहासांत एक ओळ मिळाली नसती, त्याला येथें चार मिळाल्या. हा लाभ लहान नव्हे.

गुण सांगितला; आतां दोष. कुलवृत्तांताची सारी मांडणी वंशवृक्षावर उभी असते, आणि वंशवृक्ष पुरुषांच्या नांवांनीं वाढतो. सून माहेरचें नांव टाकून आंत येते. मुलगी 'अमक्यांस दिली' एवढ्या शब्दांनीं बाहेर जाते, आणि पुढें तिचें काय झालें तें सांगणें हें त्या ग्रंथाचें काम राहत नाहीं. शिवाय ज्या घरांत जुने कागद आहेत त्याच घराचा वृक्ष डेरेदार होतो. वतन, इनाम, तंटा आणि निवाडा जेथें होते तेथें कागद निर्माण झाले व जपले गेले. ज्याला भांडावयास जमीनच नव्हती, त्याच्या वाडवडिलांचीं नांवें कोणत्या महजरांत सांपडणार? म्हणून आमचें म्हणणें असें कीं, कुळाचें सूत्र बाजूस ठेवून केवळ आडनांवाचें सूत्र धरून एकदां दप्तरें चाळून पाहावींत. आडनांवानें रक्ताचें नातें सिद्ध होत नाहीं, हाच त्या सूत्राचा मोठा गुण आहे. जेथें पूर्वजाचा गौरव करावयाचा नाहीं, तेथें कांहीं लपविण्याचेंहि कारण उरत नाहीं.

उदाहरणार्थ, शिंदे हेंच आडनांव घेऊं. कर्नाटकांतील सिंद राजवंशाशीं तें जोडण्याचा मोह विद्वानांना झालेला आहे. पण त्या जोडणीनें आपलें काम भागत नाहीं. हें आडनांव मराठा समाजांत आहे, तसेंच दलितांत आहे, आणि इतरहि अनेक जातींत आहे. त्या सर्वांना एका मूळपुरुषाच्या खालीं बसविणें कोणासहि शक्य नाहीं. तेव्हां कागद काय सांगतात एवढेंच पाहावयाचें.

पहिला मान अर्थातच महादजींचा. सातारा प्रांतींच्या कण्हेरखेडचें हें पाटील घराणें. १० जानेवारी १७६० रोजीं बुराडी घाटावर दत्ताजी पडले. १४ जानेवारी १७६१ च्या पानिपतानंतर महादजी पायाला कायमचें अधूपण घेऊन परतले. १७८४ सालीं बादशहा शहाआलमाच्या दरबारीं वकील-इ-मुत्लक या पदावर तेच होते, आणि १२ फेब्रुवारी १७९४ रोजीं पुण्याजवळ वानवडीस त्यांचा अंत झाला. या मनुष्याविषयीं पत्रें, अखबार, हिशेब यांचे ढीग आहेत. ज्याच्या शब्दानें फौजा हलतात त्याचा प्रत्येक शब्द कोणीतरी टिपून ठेवतो. इंग्रजांच्या कागदांत तर हें घराणें 'सिंदिया' होऊन बसलें, व सूचींत सामान्य शिंद्यांपासून दूर गेलें. एकाच आडनांवाचे थोर व लहान एका पानावर येऊं नयेत, याची व्यवस्था कधीं कधीं वर्णलेखनच करून ठेवतें.

दुसरें नांव बायजाबाईंचें. या कागलच्या घाटग्यांची कन्या. शिंदे झाल्या त्या लग्नानें. १८२७ सालीं दौलतराव निवर्तल्यावर ग्वाल्हेरचा कारभार त्यांनीं हातीं ठेवला, आणि १८३३ सालीं दत्तकपुत्राच्या पक्षानें त्यांना राज्याबाहेर घालविलें. रेसिडेंटाच्या पत्रव्यवहारांत त्या दिसतात त्या एक राजकीय अडचण म्हणून. मनुष्य म्हणून त्या दिसतात त्या फॅनी पार्क्स या इंग्रज बाईच्या प्रवासवर्णनांत. हा ग्रंथ १८५० सालचा. १८३५ सालीं फत्तेगडास दोघींची भेट झाली. हिंदु विधवांची स्थिति आणि इंग्लंडांतील विवाहित स्त्रियांस जाचणारे कायदे यांविषयीं त्यांचें बोलणें झालें. राज्य गमावलेली एक विधवा राणी परक्या देशांतील बायकांची कींव करीत बसली आहे, हें चित्र कोणत्याहि वंशावळींत मावणारें नाहीं. पण तें आपल्यापर्यंत पोंचलें तें परक्या लेखणीनें.

तिसरें नांव ताराबाई शिंदे यांचें. यांचा जन्म १८५० च्या सुमारास बुलढाण्याचा. शिंदे हें यांच्या पित्याचें, बापूजी हरि यांचें, आडनांव. १८८२ सालीं पुण्यास छापलेल्या 'स्त्रीपुरुषतुलना' या लहानशा पुस्तकावर लेखिका म्हणून याच नांवानें त्या उभ्या आहेत. सुरतेच्या विजयालक्ष्मी नांवाच्या तरुण विधवेवर बालहत्येचा खटला झाला, त्या निमित्तानें वर्तमानपत्रांतून साऱ्या स्त्रीजातीवर जी चिखलफेक चालली, तिला हें उत्तर होतें. समाजानें तें गोड मानून घेतलें नाहीं. महात्मा फुले यांनीं १८८५ सालीं 'सत्सारां'त ताराबाईंची बाजू घेतली. त्यापुढें दीर्घ काळ सामसूम झाली. १९७५ सालीं स. गं. मालशे यांनीं तें पुस्तक पुन्हा प्रसिद्ध केलें, म्हणजे मध्यें ९३ वर्षें गेलीं. आतां वाचकांनीं विचार करावा कीं, कुलवृत्तांताच्या नेहमींच्या रीतीनें या बाईस कोणती जागा मिळाली असती? बापूजींच्या नांवाखालीं एक कन्या, आणि पुढें 'अमक्यांस दिली'. मराठींतील अत्यंत जळजळीत गद्यांपैकीं एकाची कर्त्री त्या दोन शब्दांआड नाहींशी झाली असती.

चौथें नांव महर्षि विठ्ठल रामजी यांचें. जमखंडीस १८७३ सालीं जन्मलेल्या, ऑक्सफर्डला धर्माचा तौलनिक अभ्यास करून आलेल्या या पुरुषानें १९०६ सालीं मुंबईस डिप्रेस्ड क्लासेस मिशन काढलें, १९३३ सालीं 'भारतीय अस्पृश्यतेचा प्रश्न' हा ग्रंथ लिहिला, आणि आपल्या आठवणीहि स्वतःच लिहून ठेवल्या. कागदाच्या बाबतींत ते कोणाचे मिंधे राहिले नाहींत. पण त्यांच्या बरोबर मिशनच्या कामांत झिजलेली त्यांची भगिनी जनाक्का हिला आपण ओळखतों ती मुख्यतः भावाच्याच आठवणींतून.

येथवर निदान नांव तरी आहे. पहिल्या महायुद्धांत मराठा पलटणी मेसोपोटेमियांत लढल्या, कूतच्या वेढ्यांत सांपडल्या. तेथील मृतांसाठीं १९२९ सालीं बसऱ्यास स्मारक उभारलें गेलें. त्यावर गोऱ्या अधिकाऱ्यांचीं व शिपायांचीं नांवें आलीं, हिंदी अधिकाऱ्यांचीं आलीं. हिंदी शिपायांची मात्र पलटणवार संख्या तेवढी कोरण्यांत आली. या भेदाची कबुली राष्ट्रकुल युद्धसमाधि आयोगाच्या समितीनें २०२१ सालीं दिली. त्या संख्येंत शिंदे किती होते तें दगडास विचारण्यांत अर्थ नाहीं. आणि याच्या अगदीं उलट टोंकास २००४ सालीं निवर्तलेले गायक प्रल्हाद शिंदे आहेत. विठ्ठलाचीं भक्तिगीतें आणि भीमगीतें एकाच भरदार गळ्यानें घरोघरीं पोंचविणाऱ्या या माणसाचें दप्तर रुमालांत बांधलेलें नाहीं. तें ध्वनिमुद्रिकांत व फितींत आहे, जत्रेंतल्या कर्ण्यांत व जयंतीच्या मिरवणुकींत आहे. पुराभिलेखागारांतच शोधीत बसणाऱ्यास तें सांपडणार नाहीं.

यावर कोणी म्हणेल कीं, सेनापति, राणी, लेखिका, सुधारक, शिपाई आणि गायक यांना एका आडनांवाखेरीज दुसरें एकत्र आणणारें कांहींच नाहीं. हा केवळ योगायोग. आम्ही म्हणतों, योगायोग आहे म्हणूनच ही परीक्षा निष्पक्षपाती होते. थोरपणा पाहून निवड केली असती तर शिपाई गळले असते. दारिद्र्य पाहून केली असती तर महादजी गळले असते. वर्णानुक्रम मात्र राजा व शिपाई यांना एकाच पंक्तीस बसवितो. मग दिसतें तें असें कीं, हीं आयुष्यें जितकीं भिन्न, तितकेच त्यांचे कागदहि भिन्न. एकाचे शब्द राज्य म्हणून जपले गेले, एकीचें बोलणें परकीय पाहुणीनें टिपलें, एकीचें पुस्तक छापलें जाऊन विस्मृतींत गेलें, एकीची ओळख भावाच्या लेखणींत अडकली, आणि कित्येकांचा आंकडा झाला. दप्तर हें केवळ भूतकाळाचें भांडार नव्हे. कोणाचा शब्द ठेवण्याजोगा समजला गेला, याचा तो निवाडाहि आहे.

असा ग्रंथ कोणी हातीं घेईल तर आमचें त्यास एवढेंच सांगणें आहे कीं, त्यानें नसलेलें नातें जुळवूं नये, आणि नसलेली माहिती कल्पनेनें भरून काढूं नये. जेथें कागद नाहीं तेथें 'कागद नाहीं' असें लिहावें, आणि तो कां नाहीं हें ठाऊक असेल तर तेंहि लिहावें. कन्येच्या नांवापुढें 'अमक्यांस दिली' असें लिहून लेखणी उचलण्यापूर्वीं क्षणभर थांबावें. न जाणों, ती पुढें लिहिणारी निघावयाची.