दोन फैरी झाडा आणि मागे फिरा

रोलँड एमेरिकच्या ‘द पेट्रियट’ला (२०००) शिव्या घालणं फार सोपं आहे. इंग्रज अधिकारी गावकऱ्यांना चर्चमध्ये कोंडून चर्च पेटवून देतो, असं त्या युद्धात काही घडलंच नव्हतं, हे सांगून सांगून लोक दमलेत. मला या सिनेमाचा राग येतो तो दुसऱ्याच कारणासाठी. त्याच्या शेवटी एक अस्सल गोष्ट आहे आणि ती सिनेमालाच कळलेली नाही.

ती गोष्ट म्हणजे काउपेन्सची लढाई. दक्षिण कॅरोलिना, १७ जानेवारी १७८१. अमेरिकन सेनापती डॅनियल मॉर्गनकडे काही कसलेले पगारी शिपाई होते आणि बरेचसे मिलिशियावाले. मिलिशिया म्हणजे गावोगावचे शेतकरी, सुतार, लोहार. एरवी आपापल्या धंद्यात, वेळ आली की बंदूक घेऊन हजर. संगिनी रोखून इंग्रज पायदळ चालून आलं की हे लोक पाय लावून पळतात, हे दोन्ही बाजूंना ठाऊक होतं. मॉर्गनने त्यांच्याकडून मरेपर्यंत लढण्याची अपेक्षाच ठेवली नाही. दोन-तीन फैरी झाडा आणि मागे फिरा, एवढंच मागितलं. ते फिरले. इंग्रजांना वाटलं, नेहमीप्रमाणे पळाले. रांग मोडून ते मागे धावले आणि थेट मागे थांबलेल्या कसलेल्या शिपायांच्या तोंडी गेले. तासाभरात सगळं संपलं. इंग्रजांच्या सुमारे ११०० जणांपैकी बहुतेक मेले नाहीतर कैद झाले.

माणूस घाबरणार हे गृहीत धरून केलेली ही आखणी आहे. मी सॉफ्टवेअरमध्ये काम करते, तिथे सर्व्हर कधीतरी पडणार हे धरूनच सगळं रचावं लागतं. त्यामुळे मॉर्गन मला आपला माणूस वाटतो.

सिनेमात ही युक्ती आहे. पण तेवढ्यावर पोट भरत नाही म्हणून मेल गिब्सनचा बेंजामिन मार्टिन झेंडा उचलतो, पळणाऱ्यांच्या उलट दिशेने धावत सुटतो, संगीत चढतं, सगळे वळतात. म्हणजे लढाई जिंकून दिली ती एका बापाच्या सूडाने. बाकीचे शेकडो शेजारी त्याच्यामागची गर्दी.

या शेजाऱ्यांचं खरं जग मात्र फार मजेशीर होतं. ते सगळ्यात नीट दिसतं उत्तरेत, मॅसॅच्युसेट्समध्ये. तिथे १६३६ सालीच गावोगावच्या तुकड्यांच्या तीन रेजिमेंट बांधल्या होत्या. साधारण १६ ते ६० वयाच्या पुरुषांना नाव नोंदवणं सक्तीचं होतं. बंदूक, दारू, गोळ्या ज्याच्या त्याने आणायच्या. ठरलेल्या दिवशी गावच्या मैदानात हजेरी, हत्यारांची तपासणी, कवायत. गैरहजर राहिलात तर दंड. कवायतीनंतर गुत्त्यात बसणं हाही परंपरेचा भाग. ऑफिसातलं फायर ड्रिल आठवा: निम्मे लोक कुरकुरतात, निम्मे गप्पा मारतात, तरी जिना कुठे आहे हे सगळ्यांना कळतं. कप्तान बहुधा तुकडीतलेच लोक निवडत. हुकूम देणारा आपल्याच चुलत्याचा मुलगा असेल तर त्याचं किती ऐकायचं, हा प्रश्न मग आलाच!

ऑक्टोबर १७७४मध्ये तिथल्या प्रांतिक काँग्रेसने ठरवलं की मिलिशियाचा चौथा हिस्सा क्षणाच्या सूचनेवर निघायला तयार हवा. हेच ते मिनिटमेन. अ‍ॅक्टन गावच्या मिनिटमेनचा कप्तान आयझॅक डेव्हिस बंदुका बनवणारा कारागीर होता. त्याच्या माणसांकडे संगिनी होत्या, ज्या इतर गावांच्या तुकड्यांकडे अभावानेच दिसत, आणि ते आठवड्यातून दोनदा कवायत करत. १९ एप्रिल १७७५ला कॉन्कॉर्डच्या पुलावर याच तुकडीला पुढे घातलं. डेव्हिस तिथेच पडला.

सिनेमाचं नायकाकडून झालेलं सगळ्यात लक्षात राहणारं ‘प्रशिक्षण’ कोणतं? मार्टिन जंगलात आपल्या दोन लहान मुलांच्या हाती बंदुका देतो आणि ती पोरं इंग्रज शिपाई टिपतात. फ्रेंच अधिकारी विलनव्ह पुढे कवायत घेतो, पण ते दृश्य येतं आणि जातं. नेम जन्मजात, धैर्य जन्मजात. प्रत्यक्षात ठासणीच्या गुळगुळीत नळीच्या बंदुकीचा शंभर यार्डांपलीकडे भरवसा नसे. सराईत माणूस मिनिटाला तीन बार काढू शके. म्हणूनच रांग आणि एकदम झाडलेली फैर. ते इंग्रजांचं खूळ नव्हतं, ती त्या हत्याराची गरज होती.

हे फक्त इतिहासाच्या मास्तरांचं भांडण असतं तर मी सोडून दिलं असतं. पण अमेरिकेच्या १७९१च्या दुसऱ्या घटनादुरुस्तीत शस्त्राचा हक्क सुनियंत्रित मिलिशियाच्या उल्लेखाने सुरू होतो. नोंदवही, दंड, कवायत हे सगळं त्या ‘सुनियंत्रित’मध्ये येतं. २००८च्या हेलर खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ५ विरुद्ध ४ मतांनी तो हक्क मिलिशियाच्या सेवेपासून सोडवून व्यक्तीच्या हाती दिला. ‘द पेट्रियट’ने हे आठ वर्षं आधीच करून टाकलं होतं. बंदूक उरली, वही गेली.

आणि वहीत फार अप्रिय नोंदी होत्या. सिनेमातला ऑकम हा गुलाम मालकाच्या जागी भरती होतो, हळूहळू गोऱ्या सोबत्यांचा आदर मिळवतो. मार्टिनच्या शेतावर तर काळे लोक चक्क स्वतंत्र मजूर आहेत. उत्तरेत लेक्सिंग्टनच्या मैदानावर प्रिन्स एस्टाब्रुक हा गुलाम खरोखरच मिलिशियाच्या रांगेत उभा होता आणि जखमीही झाला. पण हा सिनेमा घडतो दक्षिण कॅरोलिनात. तिथल्या मिलिशियाचं रोजचं काम इंग्रजांशी लढणं नव्हतंच, ते होतं गुलामांवर पहारा. ९ सप्टेंबर १७३९, रविवार. स्टोनो नदीकाठी गुलामांनी उठाव केला, तो त्याच दिवशी गाठून मोडला मिलिशियाने. त्याच्या महिनाभर आधीच गोऱ्या पुरुषांनी रविवारी चर्चला येताना बंदूक आणावी असा कायदा झाला होता. गुलामांच्या भीतीने.

सिनेमात मार्टिनचा मोठा मुलगा मिलिशियासाठी माणसं गोळा करायला एका चर्चमध्ये जातो. भाषण होतं, एक मुलगी उठून सगळ्यांना लाजवते, पुरुष एकेक करून उभे राहतात. त्या बाकांवर बंदुका मुळात कुणाच्या भीतीने आल्या, याचा त्या प्रसंगात मागमूसही नाही.