चाच्यांना घर हवे कशाला?

आमच्या लहानपणी दिवाळीत किल्ला न करणारा मुलगा विरळाच. दगडमातीचा डोंगर रचायचा, त्यावर अळीव पेरायचे, आणि मग शेजारच्या आळीतली पोरे तो मोडतील ह्या धास्तीने फटाके सोडून राखण करीत बसायचे! यंदा आमच्या भाच्याने मातीला हात न लावता त्याच जातीचे एक गाऱ्हाणे माझ्यापुढे आणले. तो संगणकावर ‘सी ऑफ थीव्ज’ नावाचा चाचेगिरीचा खेळ खेळतो. “मामा, सगळे आहे हो त्यात, पण आमचे स्वतःचे ठाणे नाही. एक बेट तरी द्यायला हवे होते!” मी त्याच्या शेजारी चार संध्याकाळी बसलो, आणि माझे मत नेमके उलटे झाले.

ब्रिटनमधल्या ‘रेअर’ ह्या मंडळींनी २०१८ साली काढलेला हा खेळ. एका जहाजावर फार तर चार सोबती, आणि त्याच समुद्रात दुसऱ्यांचीही जहाजे हिंडत असतात. बेटावरून उकरून आणलेली पेटी जहाजावर उघडीच पडलेली असते. बंदरावर नेऊन विकीपर्यंत ती तुमची नव्हे. कोणीही यावे आणि उचलून न्यावी. बंदरे मात्र सर्वांची. ह्या एवढ्याशा नियमावर सारा खेळ तोललेला आहे. क्षितिजावर परके शीड दिसले की भाच्याचा आवाज आपोआप खाली येतो. पळावे, लढावे, की कंदील हलवून मैत्री करावी? आता प्रत्येकाला हाकेच्या अंतरावर एकेक कुलूपबंद वखार दिली अशी कल्पना करा. माल आत टाकला की धोका संपला, आणि मग ते शीड म्हणजे नुसते भिंतीवरचे चित्र!

हा प्रयोग कोणी केलाच नाही असे नाही. २०१८ च्याच डिसेंबरात ‘अॅटलास’ हा खेळ आला. त्यात निशाण रोवले की जमीन आपली. झाले! आधी पोचलेल्यांनी किनारेच्या किनारे अडवले आणि मागाहून आलेले बिचारे जागा शोधीत फिरत राहिले. पुढे २०१९ मध्ये नियम बदलावे लागले. बेटाला एक मालक आणि बाकीचे त्याला कर देणारे रहिवासी, अशी व्यवस्था आली. म्हणजे चाचे व्हायला निघालेला माणूस कूळ होऊन बसला! शिवाय असल्या खेळात खेळाडू झोपला तरी त्याचे ठाणे उघड्यावरच असते. रात्री दोन वाजता कोणी भिंत पाडील ह्या काळजीने अंथरुणात तळमळणे, ह्याला करमणूक म्हणावयाचे काय?

ठाण्याचा आणखी एक दोष आपल्याला कोणी शिकवायला नको. आंग्रे चाचे नव्हते, मराठ्यांचे सरखेल होते. चाचे हे नाव इंग्रजांनी दिलेले. १७५६ च्या फेब्रुवारीत वॉटसन आणि क्लाइव्ह विजयदुर्गावर चालून आले (पेशवेही तेव्हा त्यांच्याच बाजूला होते, हे आपण जरा हळू आवाजात सांगतो), तेव्हा तुळाजीचे आरमार किल्ल्याच्या आश्रयाला नांगरलेले होते. एका जहाजाला आग लागली आणि पाहता पाहता सारे आरमार जळाले. शत्रूला ते शोधावे लागले नाही. कुठे सापडेल हे ठाऊकच होते.

तरीही भाच्याच्या मागणीत एक खरे दुखणे आहे, ते मी नाकारीत नाही. इतके तास खेळून आपली म्हणावी अशी खूण कुठेच उरू नये, हे मुलाला लागतेच. ‘रेअर’ने त्यावर २०२२ साली जो तोडगा काढला तो मला शहाणपणाचा वाटतो. खेळाडूला कप्तान होता येते, जहाजाला नाव देता येते, खोली सजवता येते, आणि पुढच्या वेळी ती सजावट तशीच सापडते. घर आहे, पण ते तरंगते आहे. ते बुडवता येते, पाठलागात सापडते, आणि कोणाचीही वाट अडवीत नाही. उलट हिंदी महासागरात घडणारा ‘स्कल अँड बोन्स’ २०२४ मध्ये आला, त्यात कारखाने ताब्यात घेऊन त्यांची कमाई गोळा करीत हिंडायचे. दरोडेखोर कसला, भाडे वसूल करणारा कारकूनच तो!

हे सारे मी भाच्याला ऐकवले. त्याने ते निमूटपणे ऐकून घेतले आणि विचारले, “मग मामा, निदान जहाजाच्या तळाशी एक कुलपाची पेटी?”