प्रक्षेपण तयार, संच बेपत्ता

एखादे नवे यंत्र जाहीर होते. वर्तमानपत्रात त्याचे चित्र येते, किंमत येते, बाजारात येण्याचा महिनाही येतो. मग महिना उलटतो आणि नवी तारीख मिळते. तीही जाते. तिसऱ्या तारखेनंतर वाट पाहणारा माणूस चिडतो, आणि चौथ्या तारखेनंतर तो चिडणेही सोडून देतो. ग्राहकाचा राग उत्पादकाला नकोसा वाटतो, पण खरे तर ग्राहकाचे गप्प होणे त्याहून वाईट. आपल्या देशात डिजिटल रेडिओच्या बाबतीत असेच काहीसे झाले आहे. विज्ञान शिकवणाऱ्यांनी हे प्रकरण बारकाईने पाहावे असे आम्हांला वाटते, कारण तंत्र उत्तम असूनही ते लोकांपर्यंत का पोहोचत नाही, याचा हा चांगला धडा आहे.

प्रथम हकीकत पाहू. मध्यमलहरी आणि लघुलहरींवरून डिजिटल कार्यक्रम पाठवता यावेत यासाठी १९९८ साली अनेक देशांतील प्रक्षेपण संस्थांनी एकत्र येऊन एक पद्धत आखण्यास सुरुवात केली. तिचे नाव ‘डिजिटल रेडिओ मॉन्दियाल’, थोडक्यात ‘डीआरएम’. २००३ मध्ये या पद्धतीची नियमित प्रक्षेपणे सुरू झाली. आकाशवाणीने २००९ च्या जानेवारीत दिल्लीजवळील खामपूर येथून लघुलहरींवर प्रायोगिक प्रक्षेपण सुरू केले. पुढल्या काही वर्षांत देशभरात मध्यमलहरींचे ३५ प्रक्षेपक डीआरएमसाठी सज्ज झाले. आकाशवाणीने आपले काम केले, असे इथपर्यंत म्हणता येईल.

आता दुसरी बाजू. ही प्रक्षेपणे ऐकायला संच हवा. आपला जुना ट्रान्झिस्टर या लहरींवर लावला तर नुसती एकसारखी खरखर ऐकू येते. २०१६ च्या अखेरीस ‘टायटस २’ नावाचा संच मोठ्या गाजावाजाने जाहीर झाला. पॅन्ट्रॉनएक्स ही कंपनी आणि तिचे भागीदार, ज्यांत चेन्नईची जास्मिन इन्फोटेकही होती, तो आणणार होते. पाटीसारखा स्पर्शपडदा, आत अँड्रॉइड, डीआरएमसह जुन्या-नव्या सर्व पद्धती ऐकण्याची सोय, आणि किंमत १०० डॉलरच्या आत. रेडिओचे शौकीन हरखून गेले. तेव्हापासून वर्षांमागून वर्षे गेली, पण हा संच आपल्या गावांतील दुकानांच्या फळीवर कधी दिसला नाही. ‘एव्हियन’ नावाचा भारतीय संच मात्र विक्रीस आला. त्याची किंमत दहा हजार रुपयांहून अधिक होती. बाजारात काही शे रुपयांना ट्रान्झिस्टर मिळत असताना शेतमजुराने किंवा जिल्हा परिषदेच्या शाळेने तो घ्यावा, ही अपेक्षाच गैर. मारुती सुझुकी, ह्युंदाई यांच्या काही मोटारींत मात्र डीआरएम संच बसून आले. म्हणजे ज्याच्याकडे मोटार आहे त्याला नवा रेडिओ, आणि ज्याचे सारे ज्ञान-मनोरंजन रेडिओवर अवलंबून त्याला खरखर!

डोंगर आणि लहर

हा रेडिओ नेमका कोणाला हवा? दौलताबादचे उदाहरण घेऊ. देवगिरीचा डोंगर पायथ्यापासून सुमारे २०० मीटर उंच, शंकूच्या आकाराचा. एफएम प्रक्षेपण १०० मेगाहर्ट्झच्या आसपास चालते. लहरीची लांबी काढायची तर प्रकाशाच्या वेगाला वारंवारतेने भागायचे: ३०,००,००,००० भागिले १०,००,००,००० म्हणजे ३ मीटर. तीन मीटरच्या लहरीपुढे दोनशे मीटरचा डोंगर म्हणजे भिंतच. डोंगराआडच्या वस्तीत ती क्षीण होते. आता पुणे आकाशवाणीची ७९२ किलोहर्ट्झची मध्यमलहर घ्या. तिची लांबी सुमारे ३७९ मीटर, म्हणजे डोंगराच्या उंचीच्या जवळजवळ दुप्पट. अशी लहर डोंगराला वळसा घालून जमिनीलगत पुढे सरकते. मराठवाड्यासारख्या विखुरलेल्या वस्तीच्या प्रदेशात मध्यमलहरींचे महत्त्व यातच आहे. मराठवाड्यातल्या कित्येक घरांत परभणी केंद्र ऐकले गेले ते याच गुणामुळे.

मध्यमलहरींचा दोष असा की आवाज बोजड येतो आणि विजेच्या मोटारी, दिवे, आकाशातील विजा यांची खरखर त्यात मिसळते. डीआरएमने नेमका हाच दोष काढला. एका मध्यमलहर वाहिनीला ९ किलोहर्ट्झ एवढीच रुंदी मिळते. त्या अरुंद वाटेत एक मोठी गाडी हाकण्याऐवजी डीआरएम सुमारे दोनशे बारीक उपवाहक शेजारीशेजारी पाठवते. प्रत्येक जण थोडा थोडा भार घेऊन सावकाश चालतो. आकाशातून परावर्तित होऊन उशिरा येणारी लहर मूळ लहरीत मिसळली तरी गोंधळ होऊ नये म्हणून दोन चिन्हांमध्ये थोडी मोकळी जागा राखलेली असते. शिवाय चूक झाली तर ती दुरुस्त करता यावी म्हणून काही माहिती जादा पाठवली जाते. परिणामी आवाज स्वच्छ, सोबत पडद्यावर बातम्यांचा मजकूर, आणि आपत्तीच्या वेळी धोक्याची सूचना देण्याचीही सोय.

मर्यादाही सांगायला हवी. जुन्या पद्धतीत प्रक्षेपकापासून दूर जावे तसा आवाज हळूहळू खराब होतो. कान देऊन ऐकले तर अर्थ लागतो. डिजिटलमध्ये एका हद्दीपर्यंत आवाज निर्मळ असतो आणि त्यापुढे एकदम बंद. पुण्यापासून दौलताबाद सरळ रेषेत सुमारे २१० किलोमीटर आहे. दिवसा ही हद्द नेमकी कुठे पडते हे केवळ कागदावर ठरत नाही, गावोगावी संच नेऊन मोजावे लागते. आणि मोजायला संच हवा!

नमुना म्हणजे माल नव्हे

संच का येत नाही? प्रदर्शनात मांडलेला नमुना आणि दुकानातला माल यांत फार अंतर असते, हे जाहिरात वाचणाऱ्याला कळत नाही आणि जाहिरात देणारा सांगत नाही. नमुना हाताने जुळवलेला असतो. तो दहा जणांना तासभर ऐकवला की काम झाले. मालाला मात्र उन्हात, धुळीत, कमी-जास्त दाबाच्या विजेवर वर्षानुवर्षे चालायचे असते. डीआरएम संचात लहर पकडणारा भाग, तिचे अंकांत रूपांतर करणारा भाग, दोनशे उपवाहक वेगळे करणारा गणकभाग आणि आवाज उलगडणारी आज्ञावली, इतके सारे लागते. त्यांतील काहींचे परवाना-शुल्क असते. शिवाय हा सगळा खटाटोप सेलमधली वीज भराभर खातो, तर साधा ट्रान्झिस्टर दोन सेलवर आठवडेच्या आठवडे चालतो.

किमतीचे गणित मुलांना फळ्यावर करून दाखवता येईल. समजा, संचाच्या आराखड्याला, साच्यांना आणि चाचण्यांना २ कोटी रुपये लागले आणि एका संचाचे सुटे भाग १२०० रुपयांचे आहेत. फक्त ५,००० संच केले तर प्रत्येकावर आराखड्याचा ४,००० रुपयांचा बोजा पडतो. संच ५,२०० रुपयांना पडतो. तेच ५ लाख संच केले तर बोजा ४० रुपये, आणि संच १,२४० रुपयांत होतो. हे आकडे केवळ कल्पनेचे, पण न्याय खरा आहे. मोठी मागणी असेल तरच किंमत उतरते, आणि किंमत उतरली तरच मागणी वाढते. १०० डॉलरच्या आतली किंमत जाहीर करताना लाखो संचांची विक्री गृहीत धरलेली असते. ते गृहीतक मात्र जाहिरातीत छापलेले नसते. आमचा पहिला आक्षेप हाच आहे.

दुसरा आक्षेप आकाशवाणीच्या नियोजनावर. प्रक्षेपक उभे राहिले, पण त्यांवरून डिजिटल कार्यक्रम पुष्कळ ठिकाणी मूळ कार्यक्रमाचीच नक्कल किंवा दिवसातील ठराविक वेळेपुरते. नवे ऐकण्यासारखे काही नसेल तर श्रोता संच कशाला घेईल? संच कमी म्हणून कार्यक्रम नाहीत, कार्यक्रम नाहीत म्हणून ग्राहक नाहीत, ग्राहक नाहीत म्हणून संच नाहीत. या चक्रातला प्रत्येक जण दुसऱ्याकडे बोट दाखवतो. ते तोडण्याची ताकद श्रोत्याजवळ नसते. ती सरकारजवळ असते. शाळा, ग्रामपंचायती आणि आपत्ती-निवारण केंद्रे यांच्यासाठी एकगठ्ठा मागणी नोंदवली असती तर वरील गणितातला बोजा तेव्हाच उतरला असता.

उलट टोकाचा अनुभवही आपल्याकडे आहे. ‘वर्ल्डस्पेस’ या उपग्रह रेडिओचा एशियास्टार उपग्रह २००० साली अवकाशात गेला. येथे संच मिळत होते, शास्त्रीय संगीताला वाहिलेली वाहिनी होती, आणि वर्गणी भरून ऐकणारे रसिकही होते. पण कंपनी दिवाळखोरीत निघाली आणि ३१ डिसेंबर २००९ रोजी भारतातील सेवा बंद पडली. घरोघरचे संच मुके झाले. तेथे संच होता, प्रक्षेपण गेले. येथे प्रक्षेपण आहे, संच आला नाही. तार एका टोकाला तुटली काय किंवा दुसऱ्या, दिवा लागत नाही.

मोबाइल आहे ना?

यावर कोणी म्हणेल, आता आकाशवाणी मोबाइलवर ऐकू येते, वेगळा संच हवाच कशाला? प्रश्न रास्त आहे. पण मोबाइलवर प्रत्येक श्रोत्याला स्वतंत्र प्रवाह पाठवावा लागतो. एका श्रोत्याला सेकंदाला ६४ किलोबिट धरले तर ५०,००० श्रोत्यांना ३२ लाख किलोबिट लागतात. श्रोते दुप्पट झाले की भारही दुप्पट. रेडिओच्या प्रक्षेपकाला मात्र पन्नास श्रोते काय आणि पन्नास हजार काय, वीज तेवढीच लागते. पुराच्या किंवा वादळाच्या वेळी गावातला मनोरा बंद पडला तरी दूरचा मध्यमलहर प्रक्षेपक बोलत राहतो. ज्या दिवशी रेडिओची खरी गरज, त्याच दिवशी मोबाइल दगा देण्याची शक्यता अधिक.

नॉर्वेने २०१७ मध्ये राष्ट्रीय वाहिन्यांचे एफएम प्रक्षेपण बंद करून डिजिटल पद्धत स्वीकारली. तेथेही लोकांनी कुरकूर केली. पण त्या देशाने २०११ मध्येच अटी ठरवल्या होत्या: डिजिटल प्रक्षेपण किती लोकांपर्यंत पोहोचले पाहिजे, किती श्रोत्यांनी ते ऐकायला लागले पाहिजे. अटी पुऱ्या झाल्यावर, २०१५ मध्ये, तारीख जाहीर झाली. आपल्याकडे आधी तारीख आणि मग अटींचा शोध!

भारतीय दूरसंचार नियामक प्राधिकरणाने ऑक्टोबर २०२५ मध्ये खाजगी केंद्रांच्या डिजिटल रेडिओसाठी शिफारशी केल्या. सुरुवात १३ मोठ्या शहरांपासून व्हावी असे त्यांत सुचवले आहे. मुंबई, पुणे, नागपूर त्यांत आहेत. छत्रपती संभाजीनगर नाही, मग दौलताबाद कुठले? जुने आणि नवे प्रक्षेपण एकाच वेळी चालू ठेवावे ही त्यातील सूचना मात्र शहाणपणाची आहे, कारण त्यामुळे कोणाचाही संच एका रात्रीत निकामी होत नाही.

दौलताबादचे नाव निघाले की मुहम्मद तुघलक आठवतो. त्याची तांब्या-पितळेची प्रतीक-नाणी कल्पना म्हणून वाईट नव्हती. आज सारे जग कागदी चलनावर चालते. पण खोटे नाणे पाडता येऊ नये याची व्यवस्था नव्हती, म्हणून कल्पना कोसळली आणि लोकांचा विश्वासही. व्यवस्थेशिवाय काढलेली घोषणा चांगल्या कल्पनेलाही बदनाम करते.

नवे यंत्र बनवताना उशीर होतो, याबद्दल आमची तक्रार नाही. उशिराचे कारण न सांगता फक्त तारीख बदलणे, ही आमची तक्रार आहे. शिक्षकांनी वर्गात एक वही ठेवावी. नव्या यंत्राची बातमी आली की तारखेसह कात्रण चिकटवावे आणि शेजारी चार प्रश्न लिहावेत: हा नमुना आहे की माल? किंमत किती संचांच्या विक्रीवर धरली आहे? दुरुस्ती कोण करणार? आणि ज्याच्यावर हे यंत्र चालायचे ती सेवा आपल्या गावात आहे काय? वर्षाने मुलांनीच उत्तरे भरावीत. वहीतली किती पाने कोरी राहतात ते पाहिले की जाहिरात कशी वाचावी हे वेगळे शिकवावे लागणार नाही.