शुक्रावरचा चौविहार

मंगळ आमच्या उज्जैनात जन्मला, असं मंगळनाथाच्या देवळात सांगतात. पत्रिकेत मंगळ निघालेल्या मुलींचे आईवडील कुठून कुठून इथे भातपूजेला येतात. त्याच गावात सवाई जयसिंहाने अठराव्या शतकात बांधलेली वेधशाळा आहे, आणि जुन्या भारतीय ज्योतिर्गणिताची मध्यरेषाही इथूनच धरलेली. म्हणजे एकच ग्रह एका देवळात लग्न अडवतो आणि दोन-तीन कोसांवर मुकाट्याने गणिताप्रमाणे फिरतो. अशा गावात राहून जयंत नारळीकरांच्या विज्ञानकथा वाचल्या, की त्या जळगावला माहेरी वाचल्या होत्या त्याहून वेगळ्या लागतात.

नारळीकरांनी पहिली कथा ‘कृष्णविवर’ 1974 साली मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेला टोपणनावाने पाठवली. नाव घेतलं नारायण विनायक जगताप, म्हणजे स्वतःचीच आद्याक्षरं उलटी. पहिलं बक्षीस मिळालं. पुढे ‘यक्षांची देणगी’ आलं आणि माझ्यासारख्या कला शाखेच्या बायकाही अवकाशातलं वाचू लागल्या.

त्यांची रीत साधी आहे. जग आपलंच ठेवायचं, त्यातली एकच गोष्ट हलवायची, आणि मग जे जे घडेल ते निसर्गाच्या नियमाने घडू द्यायचं. मुंबईत बर्फ पडतो, ती कथा बघा. बर्फ जादूने पडत नाही. समुद्रात साठलेली ऊब कमी झालेली असते. त्यात ज्वालामुखीची धूळ वर चढून ऊन अडवते. हवा उणे 40 अंशांच्या खाली गेली की बाष्पाचे बारीक स्फटिक होतात आणि तेच सूर्यप्रकाश परतवू लागतात. थंडीतून आणखी थंडी. हे काही हवेतलं नाही. 1815 मध्ये इंडोनेशियातला तांबोरा फुटला आणि पुढच्या वर्षी युरोप-अमेरिकेत उन्हाळाच आला नाही, पिकं गेली. नारळीकरांचे गुरू फ्रेड हॉयल हिमयुगाचा असाच विचार मांडत. म्हणून ती मुंबई खरी वाटते.

पण पूर्ण खरी? माझं भांडण इथे आहे. समुद्राचं तापमान लेखकाला ठाऊक आहे, गच्चीवरच्या पापडांचं काय झालं ते त्याच्या गावी नाही. ऊन गेलं म्हणजे वाळवण गेलं, वर्षाची डाळ गेली, भाजीपाला गेला. पाऊसच नाही तर चातुर्मास कशाचा? साधू-साध्वी एका गावी थांबतात ते पावसात जीवजंतू वाढतात म्हणून. ग्रह बदलला की स्वयंपाकघर बदलतं, व्रतं बदलतात. शास्त्रज्ञांच्या बैठका, रॉकेटं सगळं येतं, घर मात्र येत नाही.

‘धूमकेतू’त घर आहे. एक हौशी आकाशनिरीक्षक धूमकेतू शोधतो, त्याला त्याचं नाव मिळतं, आणि तोच पृथ्वीवर आदळणार असं गणित निघतं. शास्त्रज्ञ स्फोटाने त्याची वाट जराशी वळवतात. जराशीच पुरते, कारण लांबच्या अंतरात तेवढ्यानेच धूमकेतू चुकतो. हेही शास्त्राला धरून. इकडे घरात शांतियज्ञ होतो आणि बायको श्रेय यज्ञाला देते. कथा मला आवडते. पण अंधश्रद्धा सांभाळायचं काम बाईकडेच का? मंगळनाथाला मी जे पाहते, त्यात पूजेची पावती फाडणारे वडीलच असतात. मुलगी गप्प बसलेली असते. तिला विचारतो कोण!

नारळीकर नुसते लिहून थांबले नाहीत, हे मात्र मोठं. 2008 मध्ये नरेंद्र दाभोलकर आणि इतरांबरोबर त्यांनी ज्योतिषाची चाचणी घेतली. 27 ज्योतिषांना प्रत्येकी 40 पत्रिका दिल्या, मूल हुशार की मतिमंद एवढंच ओळखायचं. बरोबर निघाली सुमारे 46 टक्के. नाणं उडवलं असतं तरी पन्नासाच्या आसपास आली असती. आपल्या समाजात बायोडाटावर ‘मांगलिक’ लिहायची जागा अजून असते, म्हणून हा आकडा मुलींच्या आयांनी वाचावा.

आणि लिहिणाऱ्या मुलींनी खरे ग्रह घ्यावेत. शुक्रच घ्या. पत्रिकेत तो सुखाचा ग्रह. प्रत्यक्षात पृष्ठभाग सुमारे 460 अंश, अंगणातलं शिसं वितळेल. तिथे पाणी उकळून प्यायचा प्रश्नच नाही, पाणीच नाही! स्वतःभोवती तो उलटा फिरतो, म्हणून सूर्य पश्चिमेला उगवतो, आणि एका सूर्योदयापासून दुसऱ्यापर्यंत आपले सुमारे 117 दिवस जातात. म्हणजे रात्र जवळजवळ 58 दिवसांची. आता तिथे आपली एखादी सासूबाई नेऊन ठेवा. सूर्यास्तापूर्वी जेवून चौविहार केला, तर पुढचा घास मासखमणाच्या जवळपास दुप्पट दिवसांनी. नवकारसीची 48 मिनिटं आपल्या घड्याळाने मोजायची की तिथल्या दिवसाच्या हिशेबाने? महाराजसाहेबांना विचारायला पृथ्वीवर निरोप धाडायचा तर उत्तर यायला, ग्रह कुठे आहेत त्यावर, चार-पाच मिनिटं ते जवळजवळ अर्धा तास. तोवर सून घड्याळ लावून मोकळी झालेली असेल. ही कथा मला वाचायची आहे, आणि ती सुनेच्या तोंडून.