पदराचा अर्थ

अझरबैजानातील स्त्रिया डोक्यास जो रेशमी रुमाल बांधतात, त्या केलागायीस युनेस्कोने २०१४ साली मानवजातीच्या अमूर्त वारशाच्या यादीत स्थान दिले. शेकी शहर व बासगाल गाव ही त्या कलेची माहेरघरे होत. विणकर रेशीम विणतो. रंगारी त्यास वनस्पतींचे रंग देतो आणि लाकडी ठशांनी नक्षी उठवितो. रंग प्रसंगानुरूप असतो : लाल नववधूचा, काळा शोकाचा.

डोईवरचे वस्त्र हे स्त्रीच्या शालीनतेचे प्रतीक होय, असे अशा वस्त्रांविषयी लिहिणारे सांगतात. आमचे लेखकही पदराविषयी हेच सांगत आले आहेत. उलट पक्षाचे टीकाकार त्याच वस्त्रास दास्याची खूण म्हणतात. आमच्या मते दोन्ही पक्ष वस्त्र पाहतात, ते घेणारीस पाहत नाहीत.

लाल रंगाचेच उदाहरण घ्या. तिकडे तो नववधूचा. आमच्याकडे ब्राह्मण विधवेचे केशवपन करून तिच्या मस्तकावर जे आलवण येई, तेही लालच! त्याच काकेशसातील आर्मेनियन खेड्यांत एके काळी नववधूचे तोंड वस्त्राने झाकले जाई आणि सासरच्या वडीलधाऱ्यांपुढे तिने मौन पाळावे, असा दंडक असे. या वस्त्रांस शालीनता म्हणणे ही क्रूर थट्टा होय.

परंतु म्हणून प्रत्येक पदर दास्याचा ठरत नाही. आमच्या बुलढाणा जिल्ह्यातील सिंदखेडराजा येथे १५९८ साली जन्मलेल्या जिजाबाईंच्या चित्रांत व पुतळ्यांत डोक्यावर पदर असतो. तो पाहून दास्याचा विचार कोणाच्या मनात येतो? आमची भाषा तर या बाबतीत टीकाकारांहून शहाणी आहे. पदरचे पैसे, पदरमोड, पदर खोचणे, पदरात घेणे, पदर पसरणे! यांत मालकी आहे, कष्ट आहेत, आश्रय आहे आणि याचनाही आहे. निव्वळ लज्जा कोठेच नाही. ज्या पदराच्या गाठीत घरची चिल्लर राहिली, त्यास केवळ मर्यादेचे चिन्ह समजणे म्हणजे त्या बायांचा सारा व्यवहारच पुसून टाकणे होय.

यास्तव, पदराविषयी लिहिणाराने प्रतीकाच्या शोधास निघण्यापूर्वी एक साधा प्रश्न विचारावा : हा पदर तिने घेतला, की तिच्यावर घातला गेला? उत्तर मिळेपर्यंत लेखणी थांबली तरी वाङ्मयाची काही हानी होणार नाही.