‘कष्टाळू समाज’ हे उत्तर नाही : ‘द मेकिंग ऑफ एक्झाइल’ वाचताना



नाशिकहून देवळाली कॅम्पला गेलात की सिंधी दुकानं दिसतातच. “रिकाम्या हातानं आले आणि बघा कुठे पोचले!” हे वाक्यही तुम्ही ऐकलंच असेल. सिनॉप्सिसमध्ये हेच गृहीतक म्हणून लिहिणार असाल, तर आधी नंदिता भावनानी यांचं ‘द मेकिंग ऑफ एक्झाइल’ (२०१४) वाचा.

पुस्तकाचं बळ कशात आहे? ते घाई करत नाही. पंजाब-बंगालसारखी सिंधची वाटणी झालीच नाही. अख्खा प्रांत पाकिस्तानात गेला. तरी अनेक हिंदू कुटुंबं लगेच निघाली नव्हती. ६ जानेवारी १९४८ ला कराचीत दंगल झाली आणि मग रीघ लागली. मुंबई प्रांतात त्यांच्या वाट्याला आल्या लष्कराच्या रिकाम्या छावण्या. कल्याणच्या छावणीचं १९४९ मध्ये उल्हासनगर झालं. स्वागत गोड नव्हतं, हेही लेखिका लपवत नाहीत. मुलाखतींच्या शेजारी त्या काळचे कागद ठेवल्यामुळे विश्वास बसतो.

आता मर्यादा. साधा हिशोब करा. १९४७ साली ३५ वर्षांचा असलेला माणूस २००० साली ८८ वर्षांचा होतो. म्हणजे अर्ध्या शतकानंतर बोलायला उरतात ती मुख्यतः तेव्हाची मुलं आणि तरुण. दागिने कधी मोडले, कर्ज कुणाकडून काढलं, कुठल्या मुलाची शाळा सोडवली, हे निर्णय मोठ्यांचे. आपल्यापर्यंत येतात ते मुलांच्या आठवणीतून. आणि जे सावरलेच नाहीत, त्यांच्या वतीनं बोलायला बहुधा कुणीच नसतं. विज्ञानात आपण याला ‘सर्व्हायव्हरशिप बायस’ म्हणतो. त्यामुळे स्थलांतर कसं अनुभवलं गेलं, हे या पुस्तकातून कळतं. शंभरातली किती कुटुंबं उभी राहिली, हे मुलाखतींतून काढता येत नाही. तो आकडा त्यातून काढायला जाऊ नका.

एवढा कीस कशाला? कारण हेच वाक्य पुढे धरणग्रस्तांच्या तोंडावर फेकलं जातं : “ते उभे राहिले, तुम्ही का नाही?” कोयनेच्या धरणग्रस्तांना साठ वर्षांनंतरही पुनर्वसनासाठी आंदोलनं करावी लागली. ते काय आळशी होते? सिंधमधले हिंदू बहुतांशी शहरी. आमिल सरकारी नोकरीतले, भाईबंद व्यापारातले. काहींच्या पेढ्या फाळणीआधीच परदेशात होत्या. घर गेलं तरी हिशोब, ओळखी, पत हे थोडंफार सोबत आलं. शिवाय पाकिस्तानात राहिलेल्या मालमत्तेच्या भरपाईसाठी १९५४ चा कायदा होता. शेतकऱ्याची जमीन गेली की त्याचं कौशल्य वापरायची जागाच जाते. कष्ट दोघांचेही, भांडवल वेगळं.

म्हणून विषय निवडताना ‘हे यशस्वी का झाले?’ हा प्रश्न दुसऱ्या क्रमांकावर टाका. पहिला प्रश्न लिहा : माझ्या यादीत कोण आलंच नाही? गाइडनं विचारायच्या आत त्याचं उत्तर तुमच्याकडे हवं.